मुक्कामी वापरासाठी कुकरी : पाते पारखावे कसे?

डोंगरवाट (धागाकर्ता)

रानात मुक्काम करताना एकच मोठे पाते बरोबर न्यायचे असेल, तर कुकरी न्यावी का, असे मला गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी विचारले. प्रत्येकाला वेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा धागा. माझ्याकडे आजवर दोन कुकऱ्या झाल्या. पहिली देखणी होती, पाते आरशासारखे लखलखीत होते आणि मुठीवर नक्षी होती. दुसऱ्याच मुक्कामात तिच्या धारेला तांदळाच्या दाण्याएवढा दात पडला. दुसरी काळपट आहे, तिच्या पाठीजवळ हातोड्याचे ठसे तसेच राहिले आहेत, आणि ती गेली चार वर्षे बिनतक्रार काम करते आहे. या दोघींतला फरक घरच्या घरी, पहिला घाव घालण्यापूर्वी ओळखता आला असता का, हा माझा खरा विषय आहे.

कुकरीची कीर्ती शस्त्र म्हणून झाली. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धानंतर ती गोरखा पलटणींबरोबर जगभर गेली आणि तेव्हापासून तिच्याविषयी जे बोलले जाते ते बहुतेक रणांगणातले असते. नेपाळच्या डोंगराळ भागात मात्र ती घरातले अवजार आहे. फांद्या छाटायच्या, बांबू फोडायचा, सरपण तोडायचे, मांस कापायचे, सगळे तिनेच. मुक्कामासाठी तिची पारख करताना ही दुसरी ओळख धरून चालावे. (एकदा म्यानाबाहेर काढली की रक्त दाखवल्याशिवाय आत ठेवायची नाही, ही दंतकथा खरी असती, तर नेपाळी स्वयंपाकघरात दहाही बोटे शाबूत असलेला माणूस सापडला नसता.)

प्रथम पोलादाविषयी. पुष्कळशा कुकऱ्या मोटारगाड्यांच्या जुन्या कमानपाट्यांपासून घडवलेल्या असतात, आणि हे ऐकून नाक मुरडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात कमीपणा काही नाही. या पोलादात कार्बन साधारण ०.६ टक्क्याच्या आसपास असतो, जोडीला थोडे क्रोमियम किंवा सिलिकॉन-मँगनीज असते, आणि वर्षानुवर्षे खड्ड्यांचे दणके सोसणे हेच त्याचे मूळ काम असते. तोडायच्या पात्याला याहून वेगळे काय हवे? खरा प्रश्न पोलादाचे नाव काय हा नसून त्याला पाणी कसे दिले हा आहे. जुन्या पद्धतीत लोहार लालभडक पाते सांडशीत धरतो आणि किटलीच्या तोटीने फक्त धारेवर पाणी सोडतो. पोटाशी, म्हणजे जिथे पाते सर्वांत रुंद असते तिथे, पाणी अधिक पडते, टोकाकडे आणि मुठीकडे कमी. पाठ तापलेलीच राहते, आणि तिच्यातली उष्णता परत धारेकडे उतरून तिचा ठिसूळपणा काढून टाकते. अशा पात्याचे पोट कडकपणाच्या रॉकवेल मापाने ५५ ते ६० च्या दरम्यान भरते आणि पाठ त्याहून पुष्कळच मऊ राहते.

याचा अर्थ असा की कुकरी सगळीकडे सारखी कडक असूच नये. मुठीजवळची दोन-तीन बोटे धार लवकर बोथट होते, म्हणून माल खोटा आहे असा निष्कर्ष काढणारे लोक नेमका उलटा निष्कर्ष काढत असतात. तिथला मऊपणा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण घावाचा धक्का पोटाकडून मुठीकडे येतो आणि तो गिळायला तिथे मऊ धातू लागतो. मी आता कोणतेही पाते हाती आले की बारीक दातांची चांगली कानस घेतो आणि धारेवर पाच ठिकाणी अगदी हलक्या हाताने फिरवतो. मुठीजवळ ती घासताना खरखर आवाज येतो, हाताला ओढ जाणवते आणि कागदावर काळी पूड पडते. पोटाशी आले की तीच कानस काचेवरून जावी तशी सरकू लागते, आवाज बारीक होतो आणि पूड जवळजवळ पडत नाही. टोकाकडे पुन्हा थोडी ओढ. माझ्या दुसऱ्या कुकरीने हे तिन्ही आवाज दिले. पहिलीने मुठीपासून टोकापर्यंत एकच बारीक आवाज दिला होता, आणि मला तेव्हा त्याचा आनंद झाला होता!

दुसरी परीक्षा पितळी सळईची. पेन्सिलीएवढी सळई आडवी पक्की धरायची, त्यावर पोटाची धार तिरकी टेकवायची आणि हलका दाब देत ओढायची. उजेडात पाहिले तर सळईवर धार किंचित वाकलेली दिसते. पुढे सरकताच ती सरळ झाली तर उत्तम, वाकलेलीच राहिली तर पाते मऊ, आणि कण उडाला तर ठिसूळ. पहिल्या कुकरीची ही परीक्षा मी दात पडल्यानंतर घेतली, आणि शेजारीच आणखी दोन बारीक कण उडाले. अर्थात अर्धा दोष माझाही होता : वाळलेल्या ओंडक्याच्या गाठीवर घाव बसल्यावर ती सोडवण्यासाठी मी मूठ आडवी पिळली. पिळण्याचा ताण चांगल्या धारेलाही सोसत नाही.

आता वजन आणि तोल. माझ्या कुकरीची एकूण लांबी ४० सेंटिमीटर, पाते २७, वजन ६१० ग्रॅम, आणि मुठीशी पाठीची जाडी ९ मिलिमीटर आहे. म्यानासह सगळे ओझे साडेआठशे ग्रॅमपर्यंत जाते. परंतु काट्यावरच्या वजनापेक्षा ते कुठे साठले आहे हे पाहावे. मूठ सैल धरून पात्याच्या पाठीने लाकडावर इंचाइंचावर हलके ठोके द्यावेत. बहुतेक ठिकाणी तळहाताला झिणझिण्या येतात; एक जागा अशी सापडते, की जिथे ठोका बसला तरी हाताला काहीच कळत नाही. ती जागा पोटाच्या मध्यावर किंवा जराशी पुढे असेल, तर दिवसभर तोडूनही मनगट तक्रार करत नाही. ती टोकाकडे गेली असेल, तर पाते फक्त जड आहे, कामाचे नाही.

लांबी वाढवण्याचा मोह आवरावा. ३५ सेंटिमीटरचे पाते हातात घेतले की भारावल्यासारखे होते, परंतु तंबूची मेख तासताना तेच पाते डोक्यावरचा हंडा होते.

मूठ आणि म्यान यांविषयी प्रतिसादांत बोलू. माझे एकंदर मत विचाराल, तर मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या लाकडाला कुकरी हाताच्या कुऱ्हाडीची जागा घेते, लहान चाकूची जागा मात्र कधीच घेत नाही. आणि ज्या रानात जाळ करायलाच परवानगी नाही तिथे ती घरी ठेवावी.

ऐरण

लेख आवडला, परंतु कानशीच्या परीक्षेत एक मोठी फट आहे. पाते भट्टीत तापते तेव्हा त्याच्या पृष्ठभागातला कार्बन जळतो आणि वर एक पातळ, मऊ साल तयार होते. धार नीट घासलेली नसेल, तर कानस त्या सालीत रुतते आणि कडक पातेही मऊ वाटते. म्हणून पहिल्या दोन-तीन फटक्यांवर निर्णय देऊ नये. साल निघून खालचा धातू लागेपर्यंत थांबावे. त्याच्या उलट फसवणूकही घडते. पाणी अगदी योग्य दिलेले पाते शेवटी चकाकी आणताना यंत्राच्या चाकावर तापते, धारेवर क्षणभर निळा रंग येतो, आणि तो पुसला की खरेदी करणाऱ्याला काही कळत नाही. निळा रंग म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअस. तेवढ्या जागेचा कडकपणा उतरला असे समजावे. पातळ टोक यात सर्वांत आधी सापडते. आपल्या पहिल्या कुकरीच्या आरशासारख्या चकाकीने तिचे नुकसान केले नाही हे नशीब. ती बहुधा नुसतीच कडक राहिली, नंतर आवश्यक तेवढी नरम केली गेली नाही.

पाणी कुठवर दिले हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पाते साबणाने स्वच्छ धुऊन तेलाचा अंश घालवावा, बारीक पॉलिश कागदाने घासावे आणि त्यावर कोमट व्हिनेगर कापसाने पंधरा-वीस मिनिटे लावत राहावे. कडक आणि मऊ भागांच्या करड्या छटा वेगळ्या होतात आणि त्यांच्यातली नागमोडी सीमारेषा उमटते. पोटाशी ती रेषा धारेपासून वर चढलेली आणि दोन्ही टोकांना उतरलेली दिसली, की लोहाराचा हात सरावाचा होता हे कळते.

डोंगरवाट

ऐरण, आभारी आहे. सालीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. व्हिनेगरचा प्रयोग कालच केला. पोटाशी रेषा धारेपासून जवळपास दीड सेंटिमीटर वर आहे आणि मुठीकडे येताना ती धारेत विरून जाते. चार वर्षे वापरलेल्या वस्तूचा एक्स-रे पाहावा तसे वाटले.

झुळूक

माझी शंका मूळ प्रश्नाविषयीच आहे. तेवढ्याच वजनात हाताची कुऱ्हाड येते, त्याहून कमी वजनात मशेटी, म्हणजे लांब, पातळ पात्याचा कोयता, येते. मग दोन्ही कामे अर्धवट करणारे वाकडे पाते का वाहायचे?

डोंगरवाट

झुळूक, प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रानात काय उगवते यावर अवलंबून आहे. मशेटीचे पाते दोन-तीन मिलिमीटर जाडीचे असते, कारण ती ओल्या, रसाळ, हलणाऱ्या वनस्पतींसाठी घडली. ऊस, गवत, वेली यांना जाड पाते ढकलते, पातळ पाते कापते. हीच मशेटी वाळलेल्या कठीण लाकडावर मारली, की ती थरथरते आणि उसळते. मलय प्रदेशातला पारांग मधला मार्ग काढतो. घनदाट जंगलात वाट करायची आणि जमल्यास लाकूडही तोडायचे, अशी दोन्ही कामे त्याच्याकडून अपेक्षित असतात. उत्तर युरोपातल्या सामी लोकांचा लेउकू तर सरळ पात्याचाच असतो, आणि बर्फाळ प्रदेशातली बारीक भूर्जाची लाकडे फोडणे त्याला पुरते. म्हणजे प्रत्येक मोठे पाते आपापल्या झाडांचे ऐकून घडले आहे. कुकरी डोंगरउतारावरच्या मिश्र रानाची आहे : थोडे झुडूप, थोडा बांबू, थोडे कठीण सरपण.

कुऱ्हाडीशी तुलना करायची तर तिचे सारे वजन एका बोटभर धारेमागे उभे असते, त्यामुळे जाड ओंडक्यात ती नेहमीच सरस ठरणार. कुकरीचा बाक मात्र एक गोष्ट करतो, जी कुऱ्हाडीला साधत नाही. मनगट सरळ ठेवून घाव घातला, तरी धार लाकडावर तिरकी पडते आणि आदळता आदळता किंचित ओढली जाते. नुसता आघात न होता काप होतो. बोटभर जाडीच्या हिरव्या फांदीवर हे स्पष्ट दिसते. कुऱ्हाड तीच फांदी दाबून बाजूला सारते, कुकरी एका घावात उतरवते आणि कापलेली बाजू गुळगुळीत असते. मांडीएवढा ओंडका तोडायचा असेल, तर करवत न्यावी. हलकी घडीची करवत आणि कुकरी ही जोडी मला कोणत्याही एका अवजारापेक्षा पसंत आहे.

पायवाट

माझा अनुभव कडू आहे. मुठीच्या मधोमध जे कडे उठवलेले असते, त्याने तासाभरात माझ्या मधल्या दोन बोटांखाली फोड आला. विकणाऱ्याने सांगितले की सवय होईल. झाली नाही. शिवाय मूठ म्हशीच्या शिंगाची होती, ती घामाने निसटत असे, आणि उन्हाळाभर कपाटात पडून राहिल्यावर तिला उभी चीर गेली.

डोंगरवाट

पायवाट, सवयीने फोड बरा होतो, मूठ बदलत नाही. कुकरीची पारंपरिक मूठ लहान हातांसाठी असते, आणि ते कडे दोन बोटांच्या मध्ये यावे अशी कल्पना आहे. आपला पंजा रुंद असेल, तर ते नेमके बोटाखाली येते. घेताना मूठ पाच मिनिटे घट्ट धरून ठेवावी, आणि नंतर तळहातावर लाल वळ कुठे उठला ते पाहावे. मी माझ्या मुठीवरचे कडे कानशीने निम्मे उतरवले, सगळे नाही, कारण ओल्या हाताला तेवढाच आधार असतो. घाव घालताना मूठ करकचून धरू नये हेही खरे आहे. अंगठा आणि तर्जनी यांनी धरावी, उरलेल्या तीन बोटांनी घावाच्या शेवटच्या क्षणी आवळावी, आणि शेवटाकडची रुंद टोपी हात सुटू देत नाही यावर विश्वास ठेवावा.

शिंगाविषयी आपले म्हणणे मान्य. शिंग कोरड्या हवेत आकसते, म्हणून त्याला तेल लागते. मुक्कामासाठी लाकडी मूठ घ्यावी, आणि तीही चकचकीत रोगण नसलेली. रोगणावर फोड लवकर येतात, तेल मुरलेल्या लाकडावर उशिरा.

ओली काटकी

मुठीविषयी चालले आहे तर म्यानाविषयी एक इशारा देते. मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही पाच जणी मुक्कामाला होतो. आमच्यातल्या एकीने कुकरी काढताना म्यान डाव्या मुठीत पूर्ण धरले, म्हणजे बोटे म्यानाला वेढा घालून धारेच्या बाजूला आली. आतल्या लाकडाच्या दोन फळ्यांचा सांधा उकलला होता आणि वरच्या चामड्याने तो झाकला गेला होता. धारेने सांधा आणि चामडे दोन्ही कापले आणि तिच्या तर्जनीला खोल जखम झाली. वाटेवरून खाली यायला आम्हाला चार तास लागले.

डोंगरवाट

ओली काटकी, हे लिहिलेत ते फार बरे केलेत. मूळ लेखात ही गोष्ट सर्वांत आधी यायला हवी होती, ती मी प्रतिसादांवर ढकलली, ही माझी चूक. म्यानाला नेपाळीत दाप म्हणतात, आणि ते पात्याच्या बाकामुळे अनेकदा सैल असते. ते पाठीच्या बाजूने धरावे : अंगठा एका अंगाला, बोटांची टोके दुसऱ्या अंगाला, आणि धारेच्या कडेला एकही बोट नाही. पाते काढताना आणि ठेवताना पाठ म्यानाच्या पाठीला टेकून सरकत राहिली पाहिजे. दर मुक्कामापूर्वी म्यान उजेडाकडे धरून कडेचा सांधा दाबून पाहावा. किंचितही उघडत असेल, तर ते म्यान रानात नेऊ नये. ओले पाते त्यात कधी ठेवू नये, कारण आतले लाकूड पाणी धरून ठेवते आणि एका रात्रीत पात्यावर नारिंगी ठिपके उठतात.

म्यानात मागच्या बाजूला जे दोन लहान तुकडे असतात, त्यांचाही उपयोग करावा. कर्द हा लहान चाकू बारीक कामाला बरा, जरी माझ्या हाताला तो फारच छोटा पडतो. चकमक बिनधारेची, कडक असते. तिची कड पात्याच्या धारेवर हलक्या हाताने फिरवली, की वळलेली धार सरळ होते आणि दिवसभर निसण्याची गरज पडत नाही. गारगोटीच्या तीक्ष्ण कडेवर मारली तर ती ठिणगीही देते, मात्र ती धरायला चांगले कोरडे, चटकन धुमसणारे काहीतरी हवे.

झुळूक

शेवटचा प्रश्न. ओंडक्याच्या तोंडावर पाते ठेवून पाठीवर दांड्याने ठोकत लाकूड फोडायचे, हे कुकरीने करावे का? मी एकदा केले आणि तेव्हापासून मूठ किंचित डुगडुगते.

ऐरण

डुगडुगते यावरून आतल्या शेपटाचा प्रकार कळतो. पाते मुठीत कसे शिरले आहे याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात पात्याचे निमुळते शेपूट मुठीच्या पोकळीत जाते आणि लाहा नावाच्या राळेसारख्या चिकट मिश्रणाने धरलेले असते. पुष्कळदा ते टोपीतून बाहेर काढून ठोकून बसवतात. दुसऱ्यात मुठीच्या आकाराचीच सपाट पट्टी दोन लाकडी फळ्यांमध्ये खिळ्यांनी जखडलेली असते, त्याला पानावल म्हणतात. ठोकून फोडण्यासाठी दुसराच प्रकार योग्य. पहिल्या प्रकारातही शेपूट टोपीपर्यंत पोहोचले असेल, तर घाव घालण्याला ते पुरून उरते, परंतु पाठीवर बसणारे ठोके मुठीला वरखाली हलवतात आणि लाहाला तडे जातात.

डोंगरवाट

ऐरण यांच्या म्हणण्याला एवढीच पुस्ती : बाकामुळे ठोका देताना पाते एका बाजूला झुकते, म्हणून फोडायचेच असेल तर बाकाच्या पुढचा भाग लाकडावर ठेवावा, ओंडका पात्याच्या निम्म्या लांबीपेक्षा जाड नसावा, आणि अडकल्यास पिळण्याऐवजी दुसरी लाकडी पाचर ठोकावी.

झुळूक, आपली मूठ दुरुस्त होण्यासारखी आहे. लाहा उष्णतेने मऊ होतो. म्हणूनच शेकोटीजवळ किंवा उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेल्या कुकरीची मूठ कधीकधी आपोआप सैल पडते. धारेवर जाड कापड गुंडाळून बांधावे आणि मुठीशी असलेले धातूचे कडे कोमट ज्योतीवर, हाताला चटका बसेल इतपतच तापवावे. लाकूड करपू देऊ नये. चिकट पदार्थ मऊ झाल्याचे जाणवले, की मूठ खाली करून ती लाकडी ठोकळ्यावर सरळ रेषेत तीन-चार वेळा आपटावी, म्हणजे पाते आत बसते. मग डोळ्यांसमोर धरून पाठ आणि मूठ एका रेषेत आहेत ना ते पाहावे आणि रात्रभर तशीच उभी ठेवावी. सकाळी पाठीने लाकडावर पाच-सहा ठोके देऊन पाहा. पुन्हा हलली, तर शेपूट आखूड आहे असे समजा, आणि ती कुकरी भाजी चिरण्यापुरती ठेवा.